पडद्याआडचा फांसा

खेळांत केलेलें कपट हें खरें कपट होय कीं नव्हे, हा प्रश्न पुष्कळांस पोरकट वाटेल. शकुनीचे फांसे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचा निषेध करण्यास फारसा विचार लागत नाहीं, कारण तें कपट दुसऱ्याचें राज्य हिरावण्यासाठीं होतें. परंतु ज्या कपटांत करणाराचा कवडीचाहि लाभ नाहीं, उलट ज्याच्याशीं तें केलें त्याचाच जीव वांचतो, त्याला काय म्हणावें? असें एक कपट आम्हीं तरुणपणीं केलें आहे. त्यास तीसांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी त्याचा निवाडा आमच्या मनांत अजून पुरता झालेला नाहीं.

सन १९९२ मध्यें आम्ही अमेरिकेंत मिनीॲपोलिस येथें शिकत होतों. तिकडे बर्फ पडूं लागलें म्हणजे शनिवारची रात्र कोठें काढावी, हा परदेशी विद्यार्थ्यापुढें मोठाच प्रश्न असतो. वसतिगृहांतील चार सोबत्यांनीं तो सोडविला. त्यांनीं आम्हांस ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळास बसविलें. ह्या खेळाला पट लागतोच असें नाहीं, सोंगट्याहि नसल्या तरी चालतें. एकानें सूत्रधार व्हावयाचें. इंग्रजींत त्याला भुयाराचा धनी अशा अर्थाचें नांव आहे. बाकीच्यांनीं एकेक सोंग घ्यावयाचें, कोणी योद्ध्याचें, कोणी मांत्रिकाचें, कोणी चोराचें. सूत्रधार सांगतो, “समोर ओलसर जिना आहे, खालून पाण्याचा आवाज येत आहे.” मग जो तो आपण काय करणार तें सांगतो, आणि जेथें यश कीं अपयश हें ठरवितां येत नाहीं तेथें वीस पैलूंचा फांसा टाकला जातो. बस्स, एवढेंच. पण एवढ्यावर पहाटेचे तीन कसे वाजत तें कळत नसे! वर्गांत उच्चाराच्या भीतीनें तोंड न उघडणारे आम्ही त्या टेबलाशीं राक्षसांबरोबर तासतास घासाघीस करूं लागलों. आमची इंग्रजी जीभ जी सुटली ती प्राध्यापकांपुढें नव्हे, त्या काल्पनिक भुयारांत.

हा खेळ त्याच प्रदेशांत रुजला हें आम्हांस मागाहून कळलें. १९६९ सालीं मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली ह्यांनीं ‘ब्राउनस्टाइन’ नांवाचा एक खेळ मांडला. त्यांत प्रत्येकास सैन्याऐवजीं एकेक मनुष्य दिला होता. त्या खेळांत बसलेले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गांवचे गॅरी गायगॅक्स ह्या दोघांनीं १९७४ मध्यें तीन पुस्तिकांची पेटी प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १०००. पण ह्या वंशाचा मूळ पुरुष याहून जुना आहे. १८२४ सालीं रायस्वित्झ नांवाच्या प्रशियन अधिकाऱ्यानें सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं युद्धाचा खेळ सिद्ध केला; त्यांत हानि किती झाली तें फांसा ठरवी आणि मधें निःपक्षपाती पंच असे. पुढें १८७६ मध्यें व्हेर्डी दु व्हेर्नवा ह्या सेनानीनें प्रतिपादिलें कीं, नियमांचें आणि फांशांचें जंजाळ बाजूस सारून अनुभवी पंचाच्याच बुद्धीवर भिस्त ठेवावी. म्हणजे फांसा मोठा कीं पंच मोठा, हा वाद ह्या घराण्यांत पणजोबांपासून चालत आला आहे.

दुसऱ्या हिंवाळ्यांत सूत्रधाराची पाळी आमच्यावर आली. सूत्रधार आपला फांसा पुठ्ठ्याच्या एका उभ्या पडद्याआड टाकतो. तो इतरांस दिसत नाहीं. आमच्या सोबत्यांत त्याच संस्थानाच्या उत्तरेकडील लोखंडाच्या खाणींत राबणाऱ्या एका कामगाराचा मुलगा होता. त्याचें सोंग एका बुटक्या योद्ध्याचें; तेराव्या वर्षापासून त्यानें तें संभाळलें होतें. त्या योद्ध्याचा कागद, जेथें उरलेल्या प्राणांचा आंकडा लिहावयाचा तेथें, खोडून खोडून आरपार झिजला होता. त्या रात्रीं आंकडा पांचावर आलेला, समोर राक्षस, आणि पडद्याआड आमच्या फांशावर पडले वीस! वीस म्हणजे योद्ध्याचा अंत. आम्हीं शांतपणें म्हटलें, “चार. नेम चुकला.” टेबलाभोंवतीं एकच आरोळी उठली. पुढच्याच डावांत त्यानें राक्षस लोळविला, आणि त्या आनंदांत आम्हीहि मनापासून सामील झालों.

तीन आठवड्यांनीं, त्याला मौज वाटेल ह्या समजुतीनें, आम्हीं ती गोष्ट त्याला सांगितली. तो हंसला नाहीं. “मग तो राक्षस मीं मारला कीं तूं?” असें त्यानें विचारलें, आणि थोड्या वेळानें, “असें आणखी कितीदां?” आम्हीं सांगितलें, एकदांच, आणि तें खरें होतें. त्यावर तो म्हणाला, “असेल. पण आतां मला तें कसें कळणार?”

आमच्या बाजूनें बोलण्यासारखें थोडें नाहीं. १९७९ मध्यें गायगॅक्सनीं सूत्रधारांसाठीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत फांशाचा कौल डावलण्याचा अधिकार सूत्रधारास स्पष्ट दिलेला आहे. कथा रचणारानें नायकास वांचविलें तर त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. परंतु आम्ही केवळ कथा रचीत होतों काय? व्हेर्डीचा पंच फांसा बाजूस सारी तो उघडपणें. निर्णय आपला आहे हें तो लपवीत नसे. आम्हीं फांसा टाकला, त्याला साक्षीस उभें केलें, आणि त्याच्या तोंडीं आमचा शब्द घातला. “वीस पडले आहेत, पण मी तुझ्या योद्ध्याला मरूं देत नाहीं,” असें उघड म्हटलें असतें तर तो ‘नको’ म्हणूं शकला असता. हें ‘नको’ म्हणणें आम्हीं त्याच्यापासून हिरावलें. ज्या खेळांत दमडीहि मिळत नाहीं, त्यांत संकट आपल्या अंगावर घेतलें होतें ह्यावांचून मनुष्याच्या पदरीं दुसरें काय पडतें? नेमकें तेंच आमच्या दयेनें पोकळ केलें, आणि मागच्या सात-आठ वर्षांच्या विजयांवरहि शंकेची छाया पाडली.

इतकें लिहिल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुढें उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचें आयुष्य गेलें. नियमानें मिळणारे, गुणपत्रिकेवर तशी खूण करून दिलेले कृपागुण वेगळे; आणि दोन गुणांनीं बुडणारा विद्यार्थी पाहून एखाद्या उत्तरावरचा आंकडा गुपचूप वाढविणें वेगळें. हें दुसरें आम्हीं कधींच केलें नाहीं, असें छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं. त्या विद्यार्थ्यास विचारलें असतें तर तो ‘नको’ म्हणाला नसता, हें खरें. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. पण ह्या भेदानें आमची सुटका होते कीं आम्ही नुसती पळवाट शोधीत आहों, तें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

पुढच्या शनिवारीं त्या मित्रानें एकच मागणें केलें: पडदा नको. आम्हीं तो टेबलाखालीं ठेवला. राक्षस नव्हे, सर्प नव्हे, एका क्षुद्र वाटमाऱ्याच्या बाणानें तासाभरांतच तो बुटका योद्धा एका दाराच्या उंबऱ्यावर पडला. फांशावर एकोणीस आले होते आणि ते सर्वांस दिसत होते. सांत्वन करण्याचें कोणास सुचेना. त्यानें फांशाकडे कांहीं वेळ पाहिलें, झिजलेल्या कागदाची घडी करून ती खिशांत घातली, आणि आमच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला.