‘कोण?’ हा प्रश्न

आमच्या मुखेडशेजारी कंधारचा भुईकोट आहे. त्याला पाण्याचा खंदक आहे. पण किल्ला खरा राखला जातो तो दारावरच्या ‘कोण?’ या प्रश्नाने. संगणकाच्या जाळ्याचा तट म्हणजे फायरवॉल. पालो आल्टो नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीच्या फायरवॉलमधील एक उणीव नोव्हेंबर २०२४ मध्ये उजेडात आली. कारभाराच्या दारी येणाऱ्याने आपल्या विनंतीतच ‘तपासणी बंद’ असे लिहिले, की परवलीचा शब्द न विचारताच त्याला कारभाऱ्याचे अधिकार मिळत. ज्याला तपासायचे, त्याचाच हुकूम पहारेकऱ्याने मानला! कंपनीने दुरुस्ती केली. पण आपले काय? ‘मला ओळखले नाही?’ असे कोणी दरडावले, की आपणही वाट सोडतो. मला वाटते, तेथेच नम्रपणे ‘कोण?’ विचारणे हा धर्म होय. सज्जनाला त्याचा राग येत नाही.