तटस्थाचे कर्तव्य

मराठीत ‘तटस्थ’ हा शब्द दोन सुरांत उच्चारला जातो. न्यायाधीश तटस्थ असावा असे आपण म्हणतो, तेव्हा तो गुण असतो. शेजारच्या घरातले भांडण विकोपाला गेले असता अमुक गृहस्थ तटस्थ राहिले असे म्हणतो, तेव्हा तो दोष असतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे: तटावर उभा असलेला, म्हणजे प्रवाहात न उतरता काठावरून पाहणारा. हिवाळ्यात नदीकाठी पक्षी पाहावयास जाणाऱ्या माणसाला हा शब्द अक्षरशः लागू पडतो. त्याची ही तटस्थता गुण समजावी की दोष? जो जीव आपल्याकडे काही मागत नाही, आपल्याला ओळखतही नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय, आणि लागत असलो तर ते फेडावयाचे कसे? सेवानिवृत्तीनंतर लाभलेल्या सवडीत या प्रश्नाचा थोडा विचार घडला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या बडोद्याची नदी विश्वामित्री. ती पावागडाच्या डोंगरात उगम पावते आणि शहराच्या मधून वळणे घेत पुढे जाते. तिची कीर्ती मगरींमुळे अधिक, आणि पाण्याच्या वासामुळे तर फारच. नाकाला रुमाल लावून पुलावरून जाणाऱ्यांना तेथे पक्षी पाहण्यासारखे काही असेल यावर विश्वास बसत नाही. पण आश्विन सरता सरता काठाच्या चिखलावर शेपटी वरखाली हलवणारा पांढरा धोबी दिसू लागतो. तुतवार पाण्याच्या कडेकडेने किडे टिपीत धावतो. लांब लाल पायांचे शेकाटे उथळ पाण्यात उभे असतात. बारमाही वस्तीचे खंड्या, ढोकरी, पाणकावळे आणि काळे शराटी तर आहेतच. थोडे दूर, डभोई तालुक्यातील वढवाणा तलावावर गेले म्हणजे थापटे, चक्रवाक, कलहंस आणि पट्टकादंब भेटतात. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरीही तेथे मोठ्या संख्येने असतात. ज्याने कोणी या पक्ष्याला हे नाव दिले, त्याने मराठी मनाची मोठी सोय केली आहे. जून २०२५ मध्ये दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली यांनी अशी नावे गोळा करण्यात आणि नवी घडविण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. नाव ठाऊक असले की समूहातला एक जीव वेगळा दिसू लागतो. देण्याची पहिली पायरी बहुधा ही ओळखच असावी.

या पाहुण्यांचा प्रवास लक्षात घेतला तर मन थक्क होते. पट्टकादंब मध्य आशियातील आणि तिबेटच्या पठारावरील उंच सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. अंगावर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात हा पक्षी सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर उडत असल्याची नोंद झाली आहे. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडते. त्याहून नवल टिलव्याचे. वजन वीस-तीस ग्रॅमचे, आणि जन्मस्थान रशियाच्या उत्तर टोकाचा टुंड्रा प्रदेश! तो आमच्या चिखलावर चोच टेकवून दिवसभर चरत असतो.

यांना आपण ‘हिवाळी पाहुणे’ म्हणतो. अतिथी शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी सांगतात. हे पाहुणे मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात आणि होळीच्या आगेमागे जातात. आपल्याकडील पुष्कळ कार्यक्रमांपेक्षा ते वेळेचे पक्के आहेत! शिवाय यजमानाशी त्यांची काही ओळखदेख नाही. मग आपण त्यांचे यजमान कशावरून?

आपल्या संस्कारात आतिथ्य म्हणजे जेवू घालणे. गोग्रास, काकबळी, मुलाला भरविताना चिऊ-काऊच्या नावाने काढलेला घास, हे सारे त्याच भावनेचे आविष्कार होत. गुजरातच्या गावोगावी उभे असलेले कोरीव चबुतरे हे त्या भावनेचे सुंदर स्मारक आहे. त्याविषयी मला आदर आहे. पण हीच भावना नदीवरच्या पक्ष्यांपाशी आली की घोटाळा होतो. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे पाण्यावर उतरले की काठावरून गाठी-शेव उधळली जाते. पक्षी आरडाओरड करीत हवेतच घास झेलतात, पोरे टाळ्या पिटतात, आणि देणाऱ्याला पुण्य लाभल्यासारखे वाटते. मासे आणि पाण्यातील बारीक जीव यांवर पोसलेल्या पक्ष्याच्या पोटात तळलेले खारट बेसन जाते, एका ठिकाणी अनैसर्गिक गर्दी होते, त्यातून रोग पसरण्याचे भय वाढते, आणि माणसाचा धाक सुटतो, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानी येत नाही. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यातही एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला आरोग्य होते. मला त्या वादात एक तिसराच प्रश्न दिसला. आपण घास देतो तो घेणाऱ्याच्या गरजेपोटी, की देणाऱ्याच्या?

हा प्रश्न पुढे नेला तर दाणे टाकणारा हात आणि बंदूक धरणारा हात यांत अंतर पुष्कळ असले, तरी एक धागा समान दिसतो. भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीच्या मेळाव्यात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवला आहे, म्हणजे त्या काळी तो अभिमानाचा विषय होता. सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञाची या क्षेत्रातली वाटचालसुद्धा लहानपणी हवेच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून सुरू झाली. बंदुकीच्या जागी आज कॅमेरा आला, ही निःसंशय प्रगती आहे. परंतु उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून विसावलेल्या हंसांना मुद्दाम उठविणारे लोकही आम्ही पाहतो. दूरच्या परतीच्या प्रवासासाठी ज्याला अंगात चरबी साठवायची आहे, त्याला दिवसातून चार वेळा विनाकारण उडावे लागणे म्हणजे काय, हे वेतनाच्या शिलकीवर संसार केलेल्या माणसाला निराळे समजावून सांगावयास नको. शिकार, छायाचित्र, पुण्य, या सर्वांत पक्ष्याने आपल्याला काहीतरी द्यावे ही अपेक्षा आहे.

कवीही यातून सुटलेले नाहीत. चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन तीरांवर विभक्त होते आणि एकमेकांना आर्त साद घालते, हा संस्कृत काव्यातील संकेत किती हृद्य! प्रत्यक्षात हा पक्षी जोडीदाराशी घट्ट बांधलेला असतो आणि रात्रीही चरतो. त्या वेळी कानी येणाऱ्या हाकांना आपण विरह म्हटले. काव्य खोटे ठरविण्याचा माझा हेतू नाही. विरह आपला होता आणि तो आपण चक्रवाकाच्या पदरी घातला, एवढेच मला म्हणावयाचे आहे. काही न मागता आणि काही न लादता पाहणे किती अवघड असते, हे यावरून दिसते. या अर्थाने तटस्थता ही आळशी माणसाची स्थिती नव्हे. ती एक साधना आहे.

यावर योग्य आक्षेप येईल: असे नुसते पाहत राहणे म्हणजे उपेक्षेलाच दिलेले गोड नाव नव्हे काय? बडोद्यात राहणाऱ्याला या आक्षेपाचे उत्तर उत्तरायणाच्या दिवशी द्यावे लागते. १४ जानेवारीला आकाश पतंगांनी भरते, आणि काच लावलेल्या मांज्याने बगळे, शराटी, करकोचे यांचे पंख कापले जातात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. त्याच वर्षी गुजरात शासनाने ‘करुणा अभियान’ सुरू केले, आणि तेव्हापासून जानेवारीत जखमी पक्ष्यांवर उपचारांची व्यवस्था केली जाते. अशा वेळी गच्चीवर अडकलेला पक्षी तटस्थपणे पाहत बसणारा माणूस निष्ठुरच म्हणावा लागेल. यातून मला एक साधा नियम सुचतो. जी इजा आपल्या हातून झाली, ती निवारण्यासाठी आपला हात पुढे झालाच पाहिजे. जेथे पक्ष्याचे त्याच्या परीने ठीक चालले आहे, तेथे तोच हात मागे ठेवावा. कोठे हात पुढे करावा आणि कोठे आवरावा हे ओळखणे म्हणजेच विवेक.

परंतु हा नियमसुद्धा अपुरा आहे, हे विश्वामित्रीनेच शिकविले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. घरात पाणी शिरलेल्या माणसासमोर पक्ष्यांच्या गोष्टी काढणे अशोभनीय ठरेल. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. यंत्रे काठावर उतरली आणि मगरींची बिळे, कासवे, काठची झाडी यांचे काय, अशी चर्चा शहरात झाली. दोन्ही पक्षांची माणसे प्रामाणिक होती. माझी उमेदीची वर्षे शासकीय सेवेत, पाण्याशी संबंधित कामात गेली. त्या अनुभवावरून एवढे निश्चित सांगता येते की, नदी म्हणजे केवळ वाहून नेण्याचे पाणी नव्हे. विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंची कोतरे, सखल खाजणे आणि उपनाले ही पुराचे पाणी सामावून घेण्याची तिची कोठारे होती. वर्षानुवर्षे ती बुजली, त्यांवर बांधकामे झाली, आणि पाण्याने आपली जागा आपल्या घरांत शोधली. म्हणजे तुतवाराला जो चिखल हवा, शराटीला जी ओल हवी, तीच जागा पुराच्या दिवशी माणसालाही हवी होती.

हा हिशेब खरा असला, तरी पक्ष्यांची बाजू केवळ आपल्या उपयोगावर उभी करणे मला पटत नाही. उद्या भिंती बांधून पूर अडवता आला, तर टिलव्याचा हक्क संपला काय? तो हक्क आपण दिलेला नव्हता, म्हणून आपल्या सोयीने तो रद्दही होत नाही. येथे ‘तटस्थ’ शब्दाचा राहून गेलेला अर्थ पुढे येतो. जो तटावर उभा आहे, त्याला तटाची काळजी घ्यावीच लागते. तट खचला तर तटस्थ कोठे उभा राहणार? पक्ष्याला घास भरवू नये, त्याला उडवू नये. पण काठावर राडारोडा टाकला जात असेल, गटाराचे पाणी सोडले जात असेल, किंवा पात्राच्या आराखड्यात सारा काठ सिमेंटने मढविण्याचे घाटत असेल, तर मात्र अर्ज करावा, सुनावणीस जावे आणि आपले म्हणणे सनदशीर मार्गाने मांडावे. अर्ज वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले तो हे सांगत आहे: मुद्देसूद अर्ज अगदीच वाया जात नाही.

वढवाण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १९०९-१० च्या सुमारास हा तलाव शेतीच्या सिंचनासाठी बांधला गेला. त्यात ओरसंग नदीचे पाणी येते. बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. पाणी, उथळ कडा आणि शांतता मिळताच पक्षी आपणहून आले आणि २०२१ मध्ये त्या तलावाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. कोणी निमंत्रण दिले नव्हते. जागा मात्र राहू दिली होती. अर्थात या आतिथ्याचा खर्च आपण शहरवासी करीत नाही, हेही विसरता कामा नये. हंसांचे थवे शेतातले कोवळे पीक चरतात, तेव्हा तो भार शेतकऱ्यावर पडतो. पक्ष्यांवरील प्रेमाच्या गप्पा मारणाऱ्यांनी त्याच्या नुकसानीचा विचार केला नाही, तर ते प्रेम दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान ठरेल.

आपल्या या पत्रिकेचे बहुसंख्य वाचक पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घराण्यांतले आहेत. अठराव्या शतकात गायकवाडांच्या, होळकरांच्या, शिंद्यांच्या आश्रयाने आपले पूर्वज या गावांत आले, तरी ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला आजही ऐकावा लागतो. तो बहुधा आपुलकीनेच विचारलेला असतो. तरीही पाहुणा म्हणून होणारे कौतुक आणि येथला म्हणून मिळणारी जागा, यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळणार? आपल्याला या गावांनी जेवू घातले म्हणून आपण रुजलो नाही. आपली भाषा, आपले सण, आपली ग्रंथालये आपल्या पद्धतीने चालविण्यास त्यांनी जागा ठेवली, म्हणून रुजलो. माणसाची आणि पक्ष्याची तुलना फार ताणू नये. तरीही दुसऱ्याला त्याच्या परीने जगू देणे हे सर्वांत मोठे आतिथ्य आहे, ही गोष्ट आपण पुस्तकातून शिकलो नाही. ती आपल्या घराण्यांचा अनुभव आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, या हिवाळी जिवांचे आपण तीन गोष्टींचे देणे लागतो: त्यांना नावाने ओळखणे, त्यांच्यापासून हात आवरणे, आणि ज्या काठावर ते उतरतात त्या काठावरून हात न काढणे. यांतील पहिल्या दोन गोष्टी प्रत्येकाला एकट्याने साधतात. तिसरीला मात्र शेजाऱ्यांची, मंडळांची आणि शासनाची साथ लागते, आणि तिचे श्रेय कोणा एकाच्या नावे जमा होत नाही. ज्याच्यासाठी ते करावयाचे, त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. फाल्गुनात तो उत्तरेकडे निघून जाईल. परतफेडीची आशा नसलेले असे एखादे कर्तव्य प्रत्येक गावाने बाळगावे. ते बाळगणाऱ्या माणसाला तटस्थ म्हटले, तर त्या शब्दात दोषाचा सूर उरणार नाही.