वाऱ्याला दमवणारे कडुनिंब

भिलाईच्या वैशाली नगरात दोन भावांची घरं शेजारी शेजारी. वडील पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही जागा घेतली आणि पश्चिमेच्या मोकळ्या अंगाला कडुनिंबांची रांग लावली. ती पलीकडच्या काकांच्या घरापर्यंत जाई. मधले दोन निंब थोरल्याच्या वाट्याचे. पुढे दोघा भावांनी गच्चीवर टिनाचे पत्रे टाकून एकेक खोली काढली, तोवर झाडांचे शेंडे छपरांच्याही वर गेले होते.

थोरल्याला झाडं नकोशी झाली. पानांनी नाली तुंबते, आणि वादळात फांदी पत्र्यावर कोसळली तर? ही भीती काही खोटी नव्हती. पण तिच्यावर छाटणी हा उपाय होता, आणि त्याने कुऱ्हाड लावली. झाडांच्या जागी आठ फुटांची सलग, पक्की भिंत घातली.

धाकट्याने आपली झाडं राखली. दर उन्हाळ्याआधी तो माणूस लावून वाळक्या फांद्या काढायचा, दाटलेला घेर विरळ करायचा, छपरावर झुकलेली फांदी उतरवायचा. शेंड्याला मात्र हात लावू देत नसे.

वैशाखातल्या एका संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला आणि अंधड आलं. धाकट्याचे पत्रे खडखडले, पण जागचे हलले नाहीत. थोरल्याच्या खोलीचे कोपऱ्यातले पत्रे उडून गल्लीत पडले. गल्लीत तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

सकाळी काका आले. त्यांचा जन्म कारखान्याच्या शेड उभारण्यात गेलेला.

"काका, भिंत एवढी भक्कम, तरी पत्रे गेले कसे?" थोरल्याने विचारलं.

काकांनी पडलेला पत्रा उचलून त्याच्यापुढे धरला. बोल्ट वायसरसकट वर अँगलमध्येच राहिले होते. पत्र्याची भोकं तेवढी फाटून मोठी झालेली, कडा खालच्या अंगाला वळलेल्या.

"बघ, वाऱ्याने पत्रा दाबला नाही, उपसून नेला. छपराच्या कडेवर वारा उसळतो, तिथे पत्र्याला वर ओढतो, आणि कोपऱ्यात ही ओढ सगळ्यात जास्त. तुझी भिंत आठ फूट, छप्पर वीस फुटांवर. वारा भिंतीवरून थेट छपरावर आला. भिंत आणखी उंच केली असतीस, तरी सलग आडोशावरून वारा उसळी घेतो आणि मागे भोवरे करत खाली येतो. शिवाय रांगेत मधेच खिंड पाडलीस. खिंडीतून तो जास्तच वेगाने घुसतो."

"आणि झाड?"

"झाड वाऱ्याला अडवत नाही रे, दमवतं. थोडा पानांतून जाऊ देतं आणि जाता जाता त्याचा जोर काढून घेतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. उलट वेग पाऊणपट केला, तरी जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. जो सगळंच रोखायला जातो, त्याला सगळा मार सोसावा लागतो. थोडं जाऊ देणारा टिकतो."

धाकट्याला बरं वाटलं. "म्हणजे माझ्याकडे बोल्ट कमी असले तरी चालतील?"

"मुळीच नाही," काका कडाडले. "भारतीय मानकात रायपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. आपण रायपूरच्या शेजारीच. छप्पर त्या हिशेबानेच बांधायचं, झाड नाहीच असं समजून. झाड उद्या वाळेल, पडेल, कुणी तोडेल. त्याची मदत वरकड समजावी."

त्या आठवड्यात दोन्ही छपरांच्या कडांना आणि कोपऱ्यांना बोल्ट दाट केले, वायसर रुंद घातले. पाऊस लागल्यावर थोरल्याने भिंतीबाहेर खिंडीत निंबाचीच दोन रोपं लावली. निंब फाल्गुनात झडतो आणि चैत्रात पालवतो, म्हणजे वैशाखातल्या अंधडापुढे तो भरल्या पानांनी उभा असतो, हेही काकांनीच सांगितलं होतं. रोपं छपराएवढी व्हायला काही वर्षं जाणार होती. नाली साफ करायचं काम मात्र दोघा भावांनी त्याच दिवसापासून आलटून पालटून घेतलं.