न पाहता लावलेला दोष

दुसऱ्याचे दोष काढू नयेत, असे आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. सांगणे सोपे, पाळण्याची वेळ घरातच येते. गेल्या उन्हाळ्यात पाण्याचे बिल फुगून आले आणि आमच्या तोंडून निघून गेले, “सूनबाई, नळ जरा बेताने सोडत जा.” ती बिचारी गप्प राहिली. नातू मात्र म्हणाला, “आजोबा, मीटर बघितलात का?”

बघितला नव्हता. मग दोघांनी जाऊन झाकण उघडले. काळे आकडे घनमीटरचे. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. तांबडे आकडे त्याहून बारीक मापाचे. मागला आकडा आजच्या आकड्यातून वजा केला की मधल्या दिवसांचा वापर निघतो. बिलाप्रमाणे ३० दिवसांत ३० घनमीटर! घरात माणसे पाच. म्हणजे माणशी रोज २०० लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरांत सरकारी हिशेब माणशी १३५ लिटरांचा धरतात. वारीत तांब्याभर पाण्यात भागवणारे आम्ही, आमची मान खाली गेली.

परंतु मीटर साक्षी आहे. किती ते सांगतो, कोणी ते सांगत नाही. म्हणून रात्री दहाला सगळे नळ बंद करून आकडा टिपला. पहाटे पाचला, कोणी चूळही भरण्याआधी, पुन्हा पाहिला. घर निजले असता ८४ लिटर पाणी गेले होते. तासाला १२, दिवसाला २८८! गळती सापडली ती आमच्याच खोलीलगतच्या संडासात. फ्लशच्या टाकीतले रबर झिजून पाणी मुकाट्याने झिरपत होते.

आता प्रश्न असा की, जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष लागावा काय? कोणी म्हणेल, अजाणता घडले, शिवाय पैसे आम्हीच भरले. पण पैशाने बिल फिटते; नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याचा रिकामा हंडा भरत नाही. आणि अजाणता म्हणावे, तर मीटर दाराशीच होता. जाणण्याचे साधन हाताशी असता न पाहणे हे अज्ञान नव्हे, आळस होय. यमांत अस्तेयाच्या आधी सत्य सांगितले आहे. आम्ही पाहिल्यावाचून सुनेला बोललो, तेव्हा पाण्याच्या आधी सत्यच सांडले.

रबर थोडक्या पैशांत बदलून झाले. सुनेपाशी चूक कबूल करणे जड गेले, पण केली. “असू द्या, अण्णा,” एवढेच ती म्हणाली.

आता दर एकादशीस आम्ही आकडा वहीत लिहितो. आमच्याकडे रात्रीही नळास पाणी असते, म्हणून मीटरवर गळती कळली. ज्यांच्याकडे पाणी ठरल्या वेळीच येते, त्यांनी रात्री टाकीतल्या पाण्याच्या उंचीस खूण करावी व पहाटे पाहावी. वाचकहो, आधी पाहावे, मग बोलावे. इत्यलम्.