चकाकी आणि भेग

जुनी वस्तु घासून नव्यासारखी करावी व मग ती दुसऱ्यास विकावी, ह्यांत लबाडी आहे काय? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु एका जुन्या सायकलीनें मला त्यावर चार दिवस विचार करावयास लाविलें.

सायकल घेणारा शेजारच्या वाडीचा शेतकरी. मुलीला शाळेस जाण्यासाठीं ती हवी होती. सायकलीच्या रिमा, हँडल व पायडलाचे दांडे ॲल्युमिनियमचे, म्हणजे ज्याला आपण जर्मन म्हणतों त्याच धातूचे होते, आणि सर्व काळवंडले होते.

ह्या धातूवर हवेनें आपोआप एक अत्यंत पातळ पापुद्रा धरतो व तोच त्याचें रक्षण करितो. कारखान्यांत विजेच्या योगानें हा पापुद्रा जाड करितात. ही युक्ति इंग्लंडांत १९२३ सालीं समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठीं योजिली गेली. माणीक ज्या द्रव्याचें, त्याच द्रव्याचा हा थर. म्हणून त्यावर ब्रासो कितीहि घासा, खरी चकाकी येत नाहीं. तो आधीं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानें काढावा लागतो. सोडा पाण्यांत टाकावा, सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये. भांडें प्लास्टिकचें घ्यावें, जर्मनचें घेतल्यास तेंच विरघळूं लागेल. निघणारा वायु पेट घेतो, म्हणून काम उघड्यावर, विस्तवापासून दूर, आणि डोळ्यांस चष्मा व हातांत रबरी मोजे घालूनच करावें. लेंकरांना जवळ येऊं देऊं नये. मग पाणी लावून ४०० नंबरचा वॉटर पेपर, त्यानंतर ८००, त्यानंतर १२००, आणि शेवटीं फडक्यावर ब्रासो. पहिल्या कागदाचा कंटाळा करणारा फसतो, कारण राहिलेला ओरखडा चकाकींत दुप्पट दिसतो. फडकें काळें होतें तें केवळ मळानें नव्हे. तो झिजलेला धातूच असतो. रिमेच्या ज्या कडेवर ब्रेकचें रबर दाबतें तिला मात्र ब्रासो वा मेण लावूं नये; ब्रेक घसरतो.

दुसऱ्या संध्याकाळीं डावा दांडा आरशासारखा झाला, आणि पायडल बसतें त्या भोकापाशीं केंसाएवढी एक रेघ दिसली. ओरखडा असता तर कागदानें गेला असता. ती भेग होती. पोलाद ठराविक मर्यादेच्या आंतला भार कितीहि वेळां सोसतें. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाहीं, प्रत्येक दाब त्याच्या खात्यावर चढतो, आणि असा दांडा एके दिवशीं चढावर, पाय जोरानें दाबतांना, एकदम तुटतो.

आतां मनांत जें आलें तें सांगतों. धातु मऊ, आणखी थोडें घासलें असतें तर भेगेचें तोंड धातूनेंच बुजलें असतें व ती कोणास दिसली नसती. गिऱ्हाइकानें विचारलें नसतें, मला खोटें बोलावें लागलें नसतें.

१९३४ सालच्या फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतींत आंतोनिन मॅग्ने यानें अशाच हलक्या धातूच्या रिमांना लाकडाचा रंग देऊन त्या वापरल्या, कारण नियम लाकडी रिमांचा होता, असें सांगतात. शर्यत त्यानेंच जिंकली. तेथें रंगानें चांगली वस्तु झांकली. मी तर चकाकीनें वाईट वस्तु झांकणार होतों. आमच्या गांवांतील एक वृद्ध म्हणतात कीं घासणें हेंच ढोंग, वस्तूचें वय दिसूं द्यावें. मला तें पटत नाहीं. त्या काळिम्यानेंच भेग लपविली होती. घासलें म्हणून ती सांपडली. परंतु चकाकी मुकी नसते. घेणाऱ्यास ती म्हणते, ‘सर्व ठीक आहे’, आणि तो काय ऐकतो हें विकणाऱ्यास ठाऊक असतें. जितकें अधिक घासावें तितकें अधिक तोंडानें सांगणें आपल्यावर येतें, असें मला वाटतें.

शेतकरी आला तेव्हां मीं दांडा उजेडांत धरून रेघ दाखविली. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “दादा, हें माझ्या पोरीच्या पायाखालीं आलें असतें.” पंक्चरवाल्याकडून एक जुना लोखंडी दांडा आणून बसविला व तेवढे पैसे किंमतींतून वजा केले. आतां सायकलीचा उजवा दांडा चकाकतो व डावा काळा आहे. पोरगी त्याला हंसते म्हणे. भेगेचा दांडा माझ्या पडवींत खिळ्याला टांगला आहे. जाड पापुद्रा मीं काढलाच होता. एका पावसाळ्यांत तो पुन्हां निस्तेज झाला.