कुळाचें नांव आणि आजीचें नांव

भंडारा जिल्ह्यांतील सिहोरा येथें एका लग्नघरीं मांडवाखालीं बसलों होतों. घरांतील वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाकडून पूर्वजांचीं नांवें म्हणवून घेत होते. सात पिढ्या बिनचूक झाल्या. इतक्यांत शेजारीं बसलेल्या नातीनें विचारलें, "आबा, ह्या सगळ्यांच्या आयांचीं नांवें काय होतीं?" आबा हंसले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पोरी, माझ्या आजीला आम्ही आजीच म्हणत होतों." तिचें नांव त्यांस ठाऊक नव्हतें.

प्रसंग लहान, पण त्यांतून उठणारा प्रश्न लहान नाहीं. कुलाभिमान म्हणून आपण जें बाळगतों, त्यांत सत्य किती आणि विस्मृति किती?

वैनगंगेच्या या खोऱ्यांत पोवारांचीं बिसेन, पटले, टेंभरे, रहांगडाले अशीं कुळें नांदतात. आपलें मूळ माळव्यांत, धारेच्या परमारांशीं आपलें नातें, असें त्यांची परंपरा सांगते. येथें आडनांव हेंच कुळ. एका कुळांत सोयरीक होत नाहीं. इतरत्र आडनांव इतकें स्थिर नाहीं. भानूंच्या घरचे बाळाजी जनार्दन इतिहासास नाना फडणीस म्हणूनच ठाऊक आहेत. हुद्द्यानें कुळाचें नांव झांकून टाकलें. गांव सुटलें कीं त्याच गांवाच्या नांवास 'कर' लागून नवें आडनांव होतें.

कॅनडांतील क्विबेक प्रांतांत वसलेल्या फ्रेंचांचेंहि असेंच झालें. तेथें मूळ आडनांवापुढें 'दि', म्हणजे आपल्याकडील 'उर्फ', लावून दुसरें नांव घेत. सैन्यांतलें टोपणनांव पुष्कळदां असें चिकटे. पुढें एका शाखेनें पहिलें, दुसरीनें दुसरें नांव ठेवलें, आणि सख्ख्या भावांचे वंशज भिन्न आडनांवांचे झाले. तरीहि वंशाचा माग लागतो. कारण चर्चच्या नोंदवह्यांत विवाहित स्त्रीहि तिच्या माहेरच्या आडनांवानेंच लिहिली जाई. १६६३ ते १६७३ या काळांत राजाच्या खर्चानें तेथें पाठविलेल्या सुमारें ८०० स्त्रिया आज असंख्य घराण्यांना आपल्या आज्या म्हणून नांवानिशीं परिचित आहेत.

आपल्याकडे काय झालें? अनेक मराठी घरांत ताटांतील तांदुळांवर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिलें जाई. आडनांवासवें बापानें ठेवलेलें नांवहि त्या ताटांत विरून जाई.

कोणी म्हणेल, वंश ओळखावयास एक सूत्र हवेंच. सर्वांचीं नांवें कोण वाहील? आक्षेप खोटा नाहीं. सूत्र सोयीचें आहे. परंतु सोय म्हणजे सत्य नव्हे. मागें जातां प्रत्येक पिढीस पूर्वजांचीं स्थानें दुप्पट होतात. दहाव्या पिढीस तीं १०२४ भरतात. आडनांव त्यांपैकीं एकाच पुरुषाकडून येतें. उरलेल्या १०२३ स्थानांचें रक्त अंगांत वागवून एकाचीच बढाई मारणें हा अभिमान नव्हे, हिशेबांतील चूक आहे.

दोष केवळ परंपरेवर ढकलून आपली सुटका होत नाहीं. तर्पणांत माता, पितामही आणि प्रपितामही यांचा नामोच्चार शास्त्रानेंच सांगितला आहे. शास्त्रानें मागितलेलें नांव घरानें विसरावें, यांत अपराध घराचा. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचें नांव आवश्यक केलें, हें उचितच झालें. पण कागद पुढच्या पिढीस राखील, मागच्या आज्यांस नव्हे.

त्यांचें नांव राखणें कोणत्याहि कायद्यास साधणार नाहीं. ज्यांची आजी अद्याप हयात आहे त्यांनाच तें साधेल. पूर्वजांशीं आपलें नातें अभिमानाचें नसून ऋणाचें आहे, आणि धनकोचें नांवहि ठाऊक नसलेला ऋणको प्रामाणिक कसा म्हणावा? सिहोऱ्याच्या त्या मुलीनें सायंकाळीं वही घेऊन आजीला गांठलें आणि तिच्या आईचें नांव विचारलें. आजीनें तें लगेच सांगितलें. इतकीं वर्षें तें कोणी विचारलेंच नव्हतें.