शर्यतीत शेजारी कोण?



आपल्या धर्मग्रामाच्या क्रीडादिनी आम्ही अंतिम रेषेजवळ उभे होतो. दुसरा आलेला एक मुलगा आनंदाने वडिलांकडे धावला. “पहिला का नाही आलास?” एवढेच त्याला ऐकावे लागले. मुलाचा चेहरा पडला. आम्ही त्याला बक्षीस दिले, पण बोललो काहीच नाही. मनात प्रश्न मात्र राहिला. एकाच्या विजयासाठी दुसऱ्याचा पराभव लागतोच. मग शेजारप्रीती शिकवणाऱ्यांनी मुलांना शर्यतीत उतरवावे का?

१ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जियानमार्को ताम्बेरी यांनी उंच उडीत २.३७ मीटर उंची पार केली. २.३९ वर दोघेही तीनदा चुकले. आणखी उड्या घेण्याऐवजी त्यांनी सुवर्णपदक वाटून घेतले. जगाने टाळ्या वाजवल्या. २०२४ मध्ये पॅरिसला न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन २.३६ मीटरवर बरोबरीत आले. त्यांनी मात्र उड्या चालू ठेवल्या. केरला सुवर्ण मिळाले, मॅकइवेनला रौप्य. वाटून घेतले असते तर काय बिघडले असते, अशी टीका मॅकइवेनवर झाली.

ही टीका आम्हांला पटत नाही. पदक वाटणे सुंदर आहे, पण न वाटणे हे पाप नव्हे. ‘कॉम्पिटिशन’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘मिळून शोधणे’ असा अर्थ आहे. पदक एकाला गेले की दुसऱ्याला उरत नाही. धीर आणि कौशल्य मात्र दोघांचेही वाढते, आणि तेही एकमेकांमुळेच.

मग स्पर्धा बिघडते केव्हा? सोबत धावणारा माणूस नुसता अडथळा वाटू लागतो तेव्हा. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील बुर्लादा येथे क्रॉसकंट्री शर्यतीत आघाडीवर असलेला केनियाचा आबेल मुताई, शर्यत संपली असे समजून अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबला. मागून येणारा इव्हान फर्नांदेझ अनाया सहज पुढे गेला असता. त्याने मुताईला खुणेने रेषा दाखवली आणि स्वतः मागे राहिला. आम्ही याला दया म्हणणार नाही. हा न्याय होता. ज्याचे होते ते त्याला मिळाले.

कधी तर शर्यतच सोडावी लागते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होता. संकटात सापडलेल्या सिंगापूरच्या दोन स्पर्धकांना वाचवण्यासाठी त्याने होडी वळवली. तो खूप मागे पडला, पण दोन माणसे वाचली.

संत पौलानेही करिंथकरांना शर्यतीचाच दाखला दिला. त्यांच्या शहराजवळच मोठे क्रीडासामने भरत असत. त्याने धावू नका असे सांगितले नाही.

त्या वडिलांवर आमचा राग नाही. दहावीच्या टक्क्यांपासून नोकरीपर्यंत एकेका जागेसाठी झगडणाऱ्या आईबापांची धास्ती आम्ही जाणतो. म्हणून एवढेच सुचवतो: मुलांना धावू द्या, जिंकण्याची जिद्दही धरू द्या. पण घरी परतताना “कितवा आलास?” याच्या जोडीला “तुझ्या शेजारी कोण धावत होता?” हेही विचारा. मुलाला त्याचे नाव ठाऊक असेल, तर शर्यत वाया गेली नाही.